स्लोव्हेनिया : ब्लेडच्या तळ्यापलीकडे

पायवाट
युरोप टूरवर जाणारी आपली मंडळी स्लोव्हेनियाला फार तर एक दुपार देतात. व्हेनिसहून बस निघते, ब्लेडच्या तळ्यापाशी थांबते, बेटावरच्या चर्चसमोर फोटो होतात, तो प्रसिद्ध क्रीमचा केक खाऊन होतो आणि रात्री मुक्काम ऑस्ट्रियात. घरी आल्यावर यादीत खूण : स्लोव्हेनिया झाला. ब्लेड सुंदर आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण ते बघून हा देश कळत नाही, म्हणून हा धागा.

एकूण क्षेत्रफळ २०,२७१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून थोडं जास्त. लोकसंख्या २१ लाखांच्या आसपास. १९९१ साली युगोस्लाव्हियातून बाहेर पडला, दहा दिवसांच्या लढाईवर भागलं, त्यामुळे शेजाऱ्यांसारखा बातम्यांत गाजला नाही. उत्तरेला आल्प्स, नैर्ऋत्येला एड्रियाटिक समुद्राचा जेमतेम ४७ किलोमीटरचा किनारा, पूर्वेला सपाट शेती, आणि या सगळ्याच्या मध्ये चुनखडीचा प्रदेश. माझं म्हणणं असं की बघायला सुरुवात या चुनखडीपासून करावी. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हा प्रकार पूर्ण नवा आहे. आपला काळा बसाल्ट पाण्यात विरघळत नाही. पाऊस पडला की पाणी कड्यावरून धावत सुटतं. अजिंठा-वेरूळची लेणी आहेत, पण ती माणसानं छिन्नीनं कोरलेली. इथे हे काम पाण्यानं केलंय आणि अजून चालू आहे.

श्कोत्सियानच्या गुहा हे माझ्या मते या देशातलं पहिल्या क्रमांकाचं ठिकाण. १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. रेका नावाची चांगली भरलेली नदी वाहत येते आणि एका कड्याखाली डोंगरात शिरते. मग तीसेक किलोमीटरहून जास्त अंतर जमिनीखालून जाऊन थेट इटलीत, समुद्राच्या अगदी जवळ वर येते. आपण चालतो त्या भूमिगत दरीत एक पूल आहे, नदीपासून साधारण ४५ मीटर उंच. खाली पाण्याचा आवाज, कड्याच्या कडेनं जाणाऱ्या वाटेवर मिणमिणते दिवे, आणि समोरच्या भिंतीवर जुन्या काळच्या शोधकांनी खडकात खोदलेल्या अरुंद पायऱ्या. त्या पायऱ्या बघूनच पोटात गोळा येतो. १९६५ च्या पुरात आतलं पाणी शंभर मीटरहून जास्त चढलं होतं, म्हणजे हा पूलही बुडाला. आम्ही गेलो तेव्हा आत फोटो काढू देत नव्हते. बरंच झालं, सगळे नुसते बघत होते.

याच पाण्याचा दुसरा खेळ त्सेर्कनित्सा इथे. पावसाळी महिन्यांत हे देशातलं सगळ्यात मोठं तळं असतं, वीस-पंचवीस चौरस किलोमीटर पसरतं. उन्हाळ्यात जाल तर तळंच नाही! गवताचं मैदान, मधून एक ओढा, बाजूला गवत कापणारे शेतकरी. तळाला असलेल्या विवरांतून पाणी खाली उतरतं आणि पुन्हा तिथूनच वर येतं. सतराव्या शतकात वाल्वासोर नावाच्या इथल्या सरदारानं या तळ्याच्या भरण्या-आटण्याची मीमांसा लिहून लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवली आणि १६८७ मध्ये सोसायटीनं त्याला सदस्य करून घेतलं. त्याचे सगळे तर्क पुढे टिकले नाहीत, पण माणूस अफाट होता. प्रदेशाच्या इतिहास-भूगोलावर मोठा ग्रंथ लिहिला, चित्रं छापण्यासाठी स्वतःच्या गढीत छापखाना काढला आणि या सगळ्यापायी कफल्लक झाला.

राजधानी ल्युब्ल्याना दोन दिवसांत आरामात होते. शहराच्या मध्यभागी गाड्यांना बंदी आहे. ज्यांना चालणं जड जातं त्यांच्यासाठी छोट्या विजेच्या गाड्या फुकट फिरतात, हात केला की थांबतात. योझे प्लेच्निक या एका वास्तुकारानं दोन महायुद्धांच्या मधल्या काळात अख्ख्या शहराचा चेहरा घडवला : तीन पुलांची जोडणी, नदीकाठचा बाजार, ग्रंथालय, दफनभूमी. त्याचं हे काम २०२१ मध्ये वारसा यादीत गेलं. शहर संग्रहालयात दलदलीत सापडलेलं एक लाकडी चाक आहे, सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीचं, आसासकट. ते चुकवू नका.

बाकी सोचा नदी, किनारा, पूर्वेचा भाग यावर जाऊन आलेल्यांनी भर घालावी.

मोदकप्रिय
वा, मस्त लिहिलंय. वाखूसा (वाचनखूण साठवली).

तिरकस
लेख छान, पण पोस्तोयनाच्या गुहेचा उल्लेखही नाही? जगभरचे लोक तिथे जातात आणि आपण नाक मुरडायचं, असं काही आहे का?

पायवाट
@तिरकस, मुरडलं थोडंसं. पोस्तोयना भव्य आहे, पण गर्दी, रेटारेटी, दुकानांची रांग असा सगळा जामानिमा आहे. तरी तिथे जाण्याची दोन कारणं मी मानतो. एक म्हणजे आगगाडी. १८७२ पासून गुहेत रूळ आहेत, आज साडेतीन किलोमीटरच्या आसपास प्रवास त्या छोट्या गाडीतून होतो. दुसरं कारण म्हणजे तिथला आंधळा, फिकट गुलाबी अंगाचा ओल्म. बेडकासारखाच उभयचर, पण शेपटीवाला प्राणी, आयुष्य शंभर वर्षांपर्यंत, आणि खाण्यावाचून कित्येक वर्षं राहू शकतो. पुराच्या पाण्यासोबत हे प्राणी गुहेबाहेर वाहून आले की लोक त्यांना ड्रॅगनची पिल्लं समजत, असं वाल्वासोरनंच लिहून ठेवलंय. २०१६ मध्ये तिथल्या टाकीत ओल्मची अंडी फुटून पिल्लं बाहेर आली तेव्हा देशभर कौतुक झालं.

आणखी एक : आत शिरल्या शिरल्या भिंती काळ्याकुट्ट दिसतात, ती मशालींची काजळी नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी तिथे इंधनाचा साठा केला होता, १९४४ मध्ये स्लोव्हेनियन गनिमी सैनिकांनी तो पेटवून दिला.

सुगरणबाई
आम्ही पुढच्या मे महिन्यात जायचं म्हणतोय. सासूबाई बरोबर आहेत, सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्यांचा त्रास. त्यांना यातलं काय जमेल? आणि आम्ही सगळे शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. ताई/दादा, जे असाल ते, जरा सविस्तर सांगा.

पायवाट
ताईच. :) सासूबाईंसाठी पोस्तोयनाच धरा. चालणं दीडेक किलोमीटर आहे, पण वाट नीट बांधलेली, पायऱ्या जवळपास नाहीतच. आत आठ-दहा अंश असतं, मे महिना असला तरी स्वेटर न्या. श्कोत्सियानला पाचशेहून जास्त पायऱ्या आहेत, तिथे त्यांना नेऊ नका. ब्लेडच्या बेटावर होडीतून उतरलं की ९९ पायऱ्या, पण तळ्याभोवतीचा सहा किलोमीटरचा रस्ता सपाट आहे, हवा तेवढा चालून मागे फिरता येतं. खाण्याचं जाणकार सांगतील.

ग्रात्सकर
मी ऑस्ट्रियात ग्रात्सला राहतो, सीमा तासाभराच्या आत. दर दोन-तीन महिन्यांनी खाली जाणं होतं.

सुगरणबाई, अंडं चालत नसेल तर थोडी कसरत आहे, उपाशी मात्र राहणार नाही. कुट्टूचं पीठ आणि कुट्टूच्या कण्या तिथे रोजच्या जेवणात असतात. 'आय्दोवी झ्गांत्सी' म्हणजे कुट्टूच्या पिठाची जाडसर उकड. मात्र वर डुकराच्या चरबीचे तळलेले कण घालायची पद्धत आहे, त्यामुळे मागवतानाच नको म्हणून सांगा. 'श्ट्रुक्ली' म्हणजे पनीरसारखं सारण भरून उकडलेली गुंडाळी, गोड आणि तिखटमिठाची अशा दोन्ही तऱ्हा मिळतात, पण पिठात बहुतेक ठिकाणी अंडं असतं. इद्रियाचे 'झ्लिक्रोफी' बघून आपले लोक खूश होतात, बटाट्याचं सारण आहे म्हणून. त्या सारणातही चरबी असते, नीट विचारा. 'योता' हे आंबवलेल्या कोबीचं आणि घेवड्याचं सूप, त्यात बहुधा धुरावलेलं डुकराचं मांस. सुरक्षित म्हणजे भाजलेल्या भाज्या, मशरूमचे पदार्थ, बिनअंड्याचा पिझ्झा (किनाऱ्याकडे आणि ल्युब्ल्यानात उत्तम मिळतो), बाजारातली फळं, चीज, ब्रेड. पूर्वेकडचं भोपळ्याच्या बियांचं गर्द हिरवं तेल सॅलडवर घालून बघा, येताना बाटली आणाल.

ल्युब्ल्यानात मार्च ते ऑक्टोबर दर शुक्रवारी, पाऊस नसेल तर, बाजाराच्या चौकात खाण्याचे स्टॉल लागतात. तिथे सगळ्या देशांचं मिळतं, भारतीयही.

मोदकप्रिय
खसखशीची काहीतरी मिठाई असते ना तिकडे?

ग्रात्सकर
हो, प्रेकमुर्येची गिबानित्सा. खसखस, आक्रोड, सफरचंद, पनीर असे थर एकावर एक. एक तुकडा दोघांना पुरतो. त्यातही अंडं आहे, सुगरणबाईंसाठी बाद.

कातळकडा
गुहा ठीक आहेत हो, पण डोंगर कुठे आहेत धाग्यात? त्रिग्लाव, २,८६४ मीटर. देशाच्या झेंड्यावर हे शिखर आहे, आणि निदान एकदा चढून आल्याशिवाय खरा स्लोव्हेनियन नाही असं तिथे म्हणतात. माथ्यावर पत्र्याचा एक छोटा बुरूज आहे, १८९५ चा. याकोब आल्याझ नावाच्या पाद्रीबुवांनी शिखरावरची तेवढी जागा स्वतः विकत घेतली आणि बुरूज उभा केला, कारण त्या वेळी डोंगरांवर जर्मन भाषिक गिर्यारोहण संघटनांचं वर्चस्व वाढत होतं. आपल्या गडांवर जसे झेंड्यांचे वाद होतात तसलाच मामला, फक्त यांनी खरेदीखत करून मिटवला.

सह्याद्रीत रेग्युलर ट्रेक करणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्या. शेवटच्या टप्प्यात कड्याला लोखंडी दोर आणि खुंट्या ठोकलेल्या आहेत, हेल्मेट आणि हार्नेसशिवाय जाऊ नये. आणि जाण्याचे दिवस जुलै ते सप्टेंबर, त्याआधी वर बर्फ असतं. क्रेदारित्साची झोपडी म्हणतात ती २,५१५ मीटरवर, प्रत्यक्षात दोन-तीन मजली इमारत आहे. शनिवार-रविवारी जागा मिळणं अवघड, आधी बुकिंग करा. दुपारी ढग गडगडतात, पहाटे निघालेलं बरं.

सोप्या वाटेची आवड असेल तर बोहिनच्या तळ्यापाशी मुक्काम टाका. ब्लेडपासून २६ किलोमीटर. तिथे ना किल्ला, ना बेट, ना केक. देशातलं सगळ्यात मोठं कायमचं नैसर्गिक तळं, तिन्ही बाजूंनी डोंगर, एका टोकाला जुनं दगडी चर्च. दुसऱ्या टोकाकडून पुढे गेलं की सावित्सा धबधबा, ७८ मीटरचा. मला विचाराल तर ब्लेडला दोन तास आणि बोहिनला तीन रात्री.

तिरकस
या एका बाबतीत सहमत. ब्लेडला बघायचं ते तासाभरात बघून होतं, उरलेला वेळ पार्किंग शोधण्यात जातो.

शब्दवेल्हाळ
सावित्साचा उल्लेख आला म्हणून थोडं अवांतर. फ्रान्से प्रेशेरेन हा त्यांचा राष्ट्रकवी, त्याच्या १८३६ मधल्या दीर्घकाव्यात हा धबधबा येतो. राष्ट्रगीतही त्याच्याच कवितेतलं एक कडवं. त्याचा स्मृतिदिन, ८ फेब्रुवारी, हा तिथे सांस्कृतिक सुट्टीचा दिवस, म्हणजे सरकारी कचेऱ्या बंद, संग्रहालयं बहुतेक ठिकाणी फुकट. कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो, पण सुट्टी नाही! ल्युब्ल्यानाच्या मुख्य चौकात त्याचा पुतळा आहे. पुतळ्याची नजर जाते त्या दिशेला रस्त्यापलीकडच्या भिंतीत एका तरुणीचं शिल्प बसवलंय. ती युलिया, हिच्यावर तो प्रेम करायचा, तिनं कधी दाद दिली नाही. गावानं बिचाऱ्याला कायमचं तिच्याकडे बघत उभं केलंय. कवीची अशी जाहीर फजिती इतरत्र कुठे पाहिली नाही.

मिठागर
नमस्कार. मूळचा उरणचा, त्यामुळे पिरानला गेल्यावर गावापेक्षा शेजारच्या सेचोव्ल्येच्या मिठागरांतच जास्त रमलो. पिरान हे व्हेनिसच्या अमलाखालचं जुनं बंदर, अरुंद गल्ल्या, टेकडीवर चर्च, त्याचा मनोरा व्हेनिसच्या मनोऱ्यासारखा. मधला लंबगोल चौक पूर्वी आतली गोदी होती, १८९४ मध्ये भराव घालून बुजवली. व्हायोलिनवादक आणि संगीतकार तार्तिनी याच गावचा, १६९२ चा जन्म. हे सगळं उभं राहिलं मिठाच्या पैशावर.

मिठागर पहिल्या नजरेला आपल्यासारखंच : बांध, वाफे, भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत घट्ट करायचं, शेवटी ऊन. फरक तळाला आहे. वाफ्याच्या तळाशी त्यांनी शेवाळ, जिप्सम आणि चिकणमाती यांचा काही मिलिमीटरचा थर वाढवलेला असतो, त्याला 'पेतोला' म्हणतात. हा थर मिठाला खालच्या चिखलाशी लागू देत नाही. आपल्याकडच्या जाड्या मिठाला मातीची करडी झाक येते, तिथे लाकडी फळीनं ओढलेलं मीठ पांढरंशुभ्र निघतं. हिवाळाभर या थराची मशागत करतात, तो बिघडला तर पुढचा हंगाम गेला. सातेकशे वर्षं हे चालू आहे. मोठं यंत्र कुठेच नाही, रुळावरून ढकलायच्या लाकडी ट्रॉल्या आहेत. उन्हात जायचं असेल तर टोपी विसरू नका, सावलीला झाड नाही.

आमच्याकडच्या किती मिठागरांवर आता कंटेनर यार्ड उभी आहेत ते इथे लिहीत नाही, धागा भरकटेल.

पायवाट
@मिठागर, पेतोलाबद्दल काहीच माहीत नव्हतं, नुसतं मीठ विकत घेऊन आले होते. असेच प्रतिसाद हवेत.

नानाकाका
आमच्या पिढीला हा भाग युगोस्लाव्हिया म्हणूनच ठाऊक. नेहरू, टिटो, नासर यांचे फोटो पेपरात यायचे. ब्लेडच्या काठावर टिटोंचा बंगला आहे, आता तिथे हॉटेल आहे. टिटोंचं निधनही ल्युब्ल्यानाच्या इस्पितळात झालं, मे १९८०. त्यांची आई स्लोव्हेनियन होती. या देशात त्या काळाबद्दल कडवटपणा आणि हळहळ दोन्ही भेटतात, कोणाशी बोलता त्यावर आहे.

सोचा नदीबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. तरुण मंडळी बोवेत्सला राफ्टिंग करायला जातात. जरूर जा, पाण्याचा रंग खरोखर पाचूसारखा आहे. पण कोबारिदचं संग्रहालय बघितल्याशिवाय परत येऊ नका. १९१५ ते १९१७ या काळात या नदीकाठी इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्यात बारा लढाया झाल्या. सैनिक दोन हजार मीटर उंचीवर, बर्फात, खडक फोडून केलेल्या खंदकांत राहत. बारावी लढाई, ऑक्टोबर १९१७, कोबारिदची; इटलीची फळी मोडली ती याच गावापाशी. संग्रहालय लहान आहे, पण कुणा एका बाजूचा जयजयकार तिथे नाही. १९९३ मध्ये त्याला कौन्सिल ऑफ युरोपचा संग्रहालय पुरस्कार मिळाला. गावामागच्या टेकडीवर इटालियन सैनिकांचं स्मारक आहे, १९३८ मध्ये मुसोलिनीनं उद्घाटन केलेलं. हजारो नावं दगडात कोरली आहेत.

तिथून वर्शिच घाटानं उत्तरेला उतरा. १,६११ मीटर, ५० वळणं. रस्ता पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून करवून घेतला. मार्च १९१६ मध्ये हिमकडा कोसळून त्यातले बरेच गाडले गेले. आठव्या वळणावर त्यांच्याच सोबत्यांनी बांधलेलं छोटं लाकडी प्रार्थनामंदिर आहे. बहुतेक गाड्या न थांबता पुढे जातात.

रुळांवरून
काका, सोचाकाठी आलाच आहात तर गाडी ठेवा आणि रेल्वेनं जा. येसेनित्से ते नोव्हा गोरित्सा, १९०६ चा मार्ग. बोहिनपाशी सहा किलोमीटरहून लांब बोगदा, मग नदीच्या काठाकाठानं खाली. सोल्कानचा पूल याच मार्गावर, ८५ मीटरची दगडी कमान, घडीव दगडांच्या रेल्वे कमानींत जगात सगळ्यात मोठी. १९१६ मध्ये माघार घेणाऱ्या ऑस्ट्रियन सैन्यानं ती उडवली, इटालियनांनी १९२७ मध्ये पुन्हा दगडातच बांधली. गाडीतून पूल दिसत नाही, त्यासाठी खाली नदीवर उतरावं लागतं. या मार्गावर दुरुस्तीची कामं निघतात, तेव्हा वेळापत्रक त्या त्या वेळी तपासा.

नोव्हा गोरित्सा स्टेशनसमोरच्या चौकातून सीमा जाते. अर्धा चौक इटलीत. २००४ पर्यंत मध्ये कुंपण होतं, आता जमिनीत बसवलेली एक गोल तबकडी आहे, तिच्यावर उभे राहून सगळे एक पाय इकडे एक पाय तिकडे करतात. मीही केला.

सुगरणबाई
इतकं सगळं एका आठवड्यात कसं बसवायचं? आणि लहान मुलांना आवडेल असं काही?

ग्रात्सकर
मुलांना राडोव्लित्साचं मधमाश्यांचं संग्रहालय दाखवा, ब्लेडपासून दहा-पंधरा मिनिटं. तिथे लाकडी पोळ्यांच्या पुढच्या फळीवर चित्रं काढायची प्रथा होती. सैतान बाईची जीभ सहाणेवर घासतोय, प्राणी मिळून शिकाऱ्याची अंत्ययात्रा काढतायत, असले विषय! गावातल्या टवाळक्या सगळ्या फळ्यांवर. २० मे हा जागतिक मधमाशी दिन स्लोव्हेनियाच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०१७ मध्ये ठरवला. आंतोन यान्शा हा अठराव्या शतकातला मधपाळ, मारिया थेरेसाच्या काळात व्हिएन्नात मधपालन शिकवायचा, त्याच्या जन्माची ही तारीख. तुम्ही मे महिन्यातच जाताय, जमलं तर गाठा.

आठवड्यात ल्युब्ल्याना, बोहिन आणि किनारा अशा तीन जागी मुक्काम करा, रोज हॉटेल बदलू नका. पोस्तोयना किनाऱ्याच्या वाटेवर होतं. प्तुय आणि मारिबोर सोडून द्या, ते पूर्वेला पडतं. गाडी घेतलीत तर महामार्गासाठी ई-विन्येता (टोलचा पास) आधीच ऑनलाइन काढा, नाहीतर दंड जबर आहे.

शेंगेन व्हिसाचा अर्ज ज्या देशात मुक्काम सगळ्यात जास्त त्या देशाकडे करायचा असतो. स्लोव्हेनियात जास्त रात्री असतील तर अर्ज स्लोव्हेनियाकडेच.

शंकासुर
प्तुय सोडून द्या म्हणू नका हो! फेब्रुवारीत जाणाऱ्यांनी तर तिथेच जावं. मेंढीच्या कातड्याचे झगे, कमरेला मोठाल्या घंटा, लांब लाल जीभ बाहेर काढलेले मुखवटे घालून 'कुरेंत' रस्त्यावर उतरतात, हिवाळा हाकलायला. आमच्या गुहागरकडचा शिमगा पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. २०१७ मध्ये युनेस्कोनं या घरोघर फिरण्याच्या प्रथेला अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली.

धुकंधुकं
आमची सुट्टी डिसेंबरमध्येच मिळते. तेव्हा जाण्यात अर्थ आहे का?

पायवाट
आहे, पण यादी बदला. वर्शिच घाट हिमवर्षावामुळे बहुधा बंद, मिठागराचा हंगाम संपलेला, त्रिग्लावचं नाव काढू नका. ल्युब्ल्यानात रोषणाई असते, नदीकाठचे स्टॉल असतात. शरदात पाऊस चांगला झाला असेल तर त्सेर्कनित्साला पाणी असतं. गुहांना ऋतू लागत नाही, आतलं तापमान वर्षभर तेवढंच. फक्त श्कोत्सियानला मार्गदर्शकाबरोबरच्या ठरावीक फेऱ्या असतात आणि हिवाळ्यात त्या दिवसातून मोजक्याच. आधी फेरीची वेळ बघा, मग त्या हिशोबानं ल्युब्ल्यानाहून दिवाचाची ट्रेन पकडा. स्टेशनपासून गुहेपर्यंत तीनेक किलोमीटर रानातून चालत जावं लागतं, खुणा केलेल्या आहेत. अंधार चारच्या पुढे पडायला लागतो, तेव्हा परतीची गाडीही बघून ठेवा.